कुत्र्याचा परवाना: खानदेशात अर्ज कुठे करायचा, कागद कोणते आणि त्याआधीची तयारी

‘हाऊ कुत्रा कोना शे?’ (हा कुत्रा कुणाचा आहे?) गल्लीत एखाद्या पोराला कुत्रा चावला की खानदेशात पहिला प्रश्न हाच निघतो. पुष्कळदा उत्तर मिळत नाही. रोज भाकरी टाकणारे चार जण असतात, पण लस कुणी दिली, कधी दिली, हे सांगणारा एकही पुढे येत नाही. परवाना हे त्या प्रश्नाचं लेखी उत्तर असतं. हा कुत्रा अमक्याचा, अमक्या घरी राहतो आणि रेबीजची लस अमक्या तारखेला टोचलेली आहे, एवढंच त्यात असतं. पण चावा झालेल्या दिवशी त्या कागदावर पोराच्या आईवडिलांची झोप आणि कुत्र्याचा जीव दोन्ही अवलंबून असतात.

अर्ज कुणाकडे

जळगाव आणि धुळे इथे महानगरपालिका आहे, म्हणून अर्ज महापालिकेकडे जातो. नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, शहादा इथे नगरपरिषद आहे, तिथे अर्ज नगरपरिषदेकडे. कामकाज कुठे आरोग्य विभागाकडे असतं, कुठे परवाना विभागाकडे. त्यामुळे थेट टेबलं फिरत बसण्यापेक्षा आधी नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर विचारावं. शुल्क प्रत्येक ठिकाणी तिथल्या ठरावाप्रमाणे असतं. शेजारच्या शहरातल्या पाहुण्याने सांगितलेला आकडा धरून जाऊ नका.

खेड्यात परवान्याचा कागद सहसा कुणी मागत नाही. मळ्यात राखणीला असलेला कुत्रा असो की साक्री भागातल्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावरचा, त्याच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातला केसपेपर आणि लसीकरणाचं कार्ड एवढं जपून ठेवलं तरी फार मोठं काम होतं. माझ्या मते राखणीच्या कुत्र्यांना लस आधी मिळायला हवी. रानात कोल्ह्याशी, तरसाशी, दुसऱ्या गावच्या कुत्र्यांशी गाठ त्यांचीच पडते.

पात्रता

अर्जदार सज्ञान असावा आणि त्या शहराच्या हद्दीत राहणारा असावा. भाडेकरूही अर्ज करू शकतो, भाडेकरार जोडला की झालं. कुत्रा तीन महिन्यांच्या पुढचा असावा, कारण रेबीजची पहिली लस त्याच सुमारास दिली जाते आणि लसीशिवाय परवाना नाही. जातीची अट नाही. गल्लीतून उचललेलं गावठी पिल्लू आणि पैसे मोजून आणलेला लॅब्रेडॉर अर्जात एकाच रकान्यात बसतात.

पिल्लू विकत घेणारच असाल तर एक गोष्ट तपासा. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याने आणि दुकानदाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू खोक्यात घालून हातात देणारा माणूस नियम तर मोडतोच, पण आईजवळ शिकायचे दिवसही हिरावून घेतो. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू आपल्या भावंडांत खेळूनच शिकतं.

कागदपत्रं

अर्जदाराचं ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा (वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार), अर्जदाराचा आणि कुत्र्याचा फोटो, रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र. नसबंदी झाली असेल तर तिचं प्रमाणपत्रही जोडा. काही ठिकाणी घरपट्टी थकलेली नसावी अशी अट घालतात, काही ठिकाणी हमीपत्र लिहून घेतात. कुत्र्याचा फोटो समोरून आणि एका बाजूने असा काढा की अंगावरचे ठिपके, कानाचा आकार ओळखू येईल. हरवलेला कुत्रा शोधताना हाच फोटो उपयोगी पडतो.

अर्ज अडतो तो बहुधा लसीकरणाच्या कागदावर. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, टोचल्याची तारीख आणि पुढची तारीख हवी. कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. सही आणि शिक्क्याखाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. गावात बरीच कामं पशुधन पर्यवेक्षक करतात आणि जीव लावून करतात, पण परवान्याच्या कागदावर सही पशुधन विकास अधिकाऱ्याची (म्हणजे सरकारी पशुवैद्यकाची) किंवा नोंदणीकृत खासगी डॉक्टरांचीच घ्या. मेडिकलमधून कुपी आणून घरी टोचली तर सही कुणाचीच नसते, आणि लस चालली की नाही तेही कळत नाही.

कारण ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली तरच कामाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांजवळ असताना पिशवीत लोंबकळत आलेल्या कुपीचा काय भरवसा धरायचा? कुपी फ्रिजमधून काढताना डोळ्यांनी पाहा, बाहेरून आणावी लागली तर बर्फाच्या डब्यात आणा. कुत्रा तीन महिन्यांचा झाला की पहिली मात्रा, डॉक्टर सांगतील तशी दुसरी आणि पुढे दरवर्षी, असा क्रम ठेवा.

दवाखान्यात नेण्याआधी

ह्या भागावर फॉर्ममध्ये एक ओळही नसते, आणि खरी अडचण इथेच येते. ज्याच्या अंगाला घरच्यांशिवाय कुणी हात लावलेला नाही, असा दोन वर्षांचा कुत्रा साखळीने ओढत दवाखान्यात आणतात. दोघे दाबून धरतात, तिसरा ओरडतो, कुत्रा लघवी करून टाकतो आणि हात दिसेल तिथे दात लावतो. पुढच्या वर्षी तो दवाखान्याच्या वळणावरच बसकण मारतो. मग मालक म्हणतो, राहू द्या, लस नको. लस चुकण्याचं मूळ असं पुष्कळदा भीतीत असतं.

पंधरा-वीस दिवस आधी घरीच सराव करा. मानेमागची कातडी बोटांनी हलकेच धरा, लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा तुकडा द्या. आधी हात, मग खाऊ. क्रम उलटला तर तो खाऊ बघूनच सावध होतो. मधलं अंतर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर खाऊ कशाचा मिळाला ते त्याला उमगत नाही. दोन दिवसांनी कातडी जराशी चिमटीत धरा, पुन्हा तुकडा. मग पंजा, कान, ओठ उचलून दात. त्याने मान वळवली किंवा जीभ ओठांवरून फिरवली तर थांबा. तो नको म्हणतोय.

दवाखान्यात मुसकं लागू शकतं. औताच्या बैलाला बांधतो तसं जाळीचंच घ्या. तोंड आवळणारं कापडी मुसकं नको. कुत्रा धापा टाकूनच अंग गार ठेवतो, आपल्या उन्हाळ्यात तोंड आवळलेला कुत्रा काही मिनिटांत उष्माघाताने कोसळू शकतो. मुसक्याच्या तळाशी खाऊ ठेवा आणि ते हातात नुसतं धरून बसा. नाक त्याने स्वतः आत घालू द्या. पहिले काही दिवस पट्टा बांधूच नका. मग क्षणभर बांधा, आणि तो पंजाने ओरबाडायच्या आत सोडा. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कुणी जुंपत नाही, ह्याचंही तसंच आहे.

काठी, चपला, गळ्याला टोचणारा काटेरी पट्टा यांनी कुत्रा शिकत नाही, तो गप्प होतो. गुरगुरण्यावर मार बसला की गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते. नंतर लोक म्हणतात, काही न सांगता चावला. सांगायची त्याची रीतच आपण मारून काढलेली असते.

पिल्लू असेल तर तीन ते चौदा आठवड्यांचा काळ सोन्याचा. टोपीवाला माणूस, लहान मुलं, बैलगाडी, ट्रॅक्टर, बॅण्डचा आवाज हे सगळं त्याला कडेवर घेऊन, लांबून दाखवा. लसी पुऱ्या व्हायच्या आत अनोळखी कुत्र्यांच्या जागी जमिनीवर मात्र सोडू नका.

अर्ज देताना

झेरॉक्सच्या जोडीला मूळ कागद न्या, कुत्र्याला नेऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कार्यालयाने आपल्या अधिसूचित सेवा, मुदत, शुल्क आणि अपील अधिकारी यांचा फलक लावायचा असतो. त्यावर श्वान परवाना असेल तर मुदत वाचून घ्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. नाकारल्याचं कारण लेखी मागा.

परवान्याबरोबर बिल्ला मिळाला तर तो पट्ट्याला कायम अडकवा आणि पट्ट्यावर आपला मोबाईल नंबरही लिहा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवायची असेल तर तिचा पंधरा अंकी क्रमांक अर्जात नोंदवा.

परवाना मिळाल्यावरची जबाबदारी

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे मारहाण, उपाशी ठेवणं, सोडून देणं हे गुन्हे आहेतच. पण फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हेही गुन्हेच आहेत. हे वाचून अनेकांना धक्का बसतो, कारण आपल्याकडे गेटजवळ जन्मभर बांधलेला कुत्रा दर चौथ्या घरी दिसतो. दंडाची रक्कम आजही पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये आहे, ती वाढायलाच हवी. उलट बाजूने, आपल्या निष्काळजीपणामुळे कुत्र्यापासून कुणाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

सोसायटीत राहत असाल तर, ठराव बहुमताने झाला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. पण जिन्यात दोरी हातात ठेवणं आणि विष्ठा उचलणं हे आपलं काम.

उन्हाळ्यात फिरवणं सूर्योदयापूर्वीच. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. पाणी सावलीत, मातीच्या परळात. शेवभाजीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात.

आणि चावा झालाच, परवाना असो वा नसो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

गल्लीतला कुत्रा दत्तक घेताना

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करायची वाट मोकळी केली आहे. अशा कुत्र्याला ओळखीचा बिल्ला लावला जातो आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची असते. परवान्याचे बाकी कागद तेच. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे पाळलेल्या कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी मालकाने करायची असते.

रेल्वेने नेताना

भुसावळ जंक्शनवरून मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. कुत्रा फर्स्ट एसीत, पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच सोबत नेता येतो. एसी टू टिअर, थ्री टिअर, स्लीपर यांत नाही. दुसरा मार्ग ब्रेक व्हॅनमधल्या (गार्डच्या सामानाच्या डब्यातल्या) कुत्र्यांच्या पेटीचा, त्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. दोन्हींसाठी प्रवासाच्या तोंडावर घेतलेलं पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि लसीचं कार्ड लागतं. मार्च ते जूनमध्ये दिवसाच्या गाडीने ब्रेक व्हॅनमधून कुत्रा पाठवू नका, रात्रीची गाडी धरा.

नूतनीकरण

परवाना बहुतेक ठिकाणी वर्षभराचा असतो, काही ठिकाणी तो ३१ मार्चला संपतो. लसीची तारीख फेब्रुवारीत आणून ठेवली तर नूतनीकरणाला ताजं प्रमाणपत्र हाताशी असतं आणि कडक ऊनही टळतं. धुळ्याहून जळगावला राहायला गेलात तर जुना परवाना चालत नाही. नव्या महापालिकेत नवा अर्ज द्या, जुन्या ठिकाणी कळवा आणि बिल्ला परत करा.