व्हिडिओ स्ट्रीमिंगचा डेटावापर

व्हिडिओ आधी पूर्ण उतरवून न घेता, तो येत असतानाच पाहणे म्हणजे स्ट्रीमिंग. त्यात किती मोबाइल डेटा जाईल हे बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला फोनवर किती बिट येतात त्यावर ठरते. चित्रपट कोणता आहे किंवा फोन केवढ्याचा आहे, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

बिटरेट मेगाबिटमध्ये सांगतात, पॅक मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. हिशेब चुकतो तो इथेच. सेकंदाला १ मेगाबिट या दराने तासाला ४५० एमबी जातात. ५ मेगाबिटने येणारा १०८०पी (उभ्या दिशेने १०८० ठिपक्यांचा) व्हिडिओ तासाला सव्वादोन जीबी घेतो. रोजचा दीड जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत संपतो. नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे असे: सर्वांत कमी दर्जाला तासाला ०.३ जीबीपर्यंत, एचडीला ३ आणि अल्ट्रा एचडीला ७ जीबीपर्यंत.

हे आकडे मोठे वाटतात, पण कॉम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ आकसून लहान करणे, नसते तर काय झाले असते ते पाहण्याजोगे आहे. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात, सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट धरले, तर सेकंदाच्या २५ फ्रेम सुमारे १५५ एमबी होतात. दीड जीबी दहा सेकंदही पुरणार नाही! म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकसण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत, प्रत्येक फ्रेम नव्याने पाठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदलले तेवढेच पाठवतो. कॅमेरा एका जागी ठेवून चित्रित केलेल्या कीर्तनात मागचा पडदा, मृदंग, टाळकरी जवळपास जागच्या जागी असतात; हलतात ते बुवांचे हात आणि चेहरा. असा व्हिडिओ थोडक्या डेटात नीट दिसतो. कबड्डीच्या चढाईत मात्र क्षणाक्षणाला सगळी चौकट बदलते, त्यामुळे तितक्याच स्वच्छ चित्राला जास्त बिट लागतात. २००३ च्या एच.२६४ या कोडेकनंतर व्हीपी९, एचईव्हीसी आणि २०१८ चा एव्ही१ आले. त्यांनी तेच चित्र आणखी कमी बिटांत बसवले.

व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. दर्जा ‘ऑटो’वर असला की नेटचा वेग पाहून ॲप त्यांतला एक निवडते. ५जीवर ‘डेटा लवकर उडतो’ अशी तक्रार असते तिचे कारण हेच: ठरावीक दर्जाचा तोच व्हिडिओ ५जीवर जास्त डेटा खात नाही, पण वेग मिळाला की ऑटो वरचा दर्जा उचलते. सहा इंची पडद्यावर बहुतेक वेळा ४८०पी पुरते, आणि दर्जा आपल्या हाताने तेवढ्यावर ठेवणे हा बचतीचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. छोट्या व्हिडिओंचे गणित वेगळे. अंगठ्याने पुढे सरकवलेला व्हिडिओ पाहिला नाही तरी त्याचा काही भाग आधीच उतरलेला असू शकतो.

भारतात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि महिन्याच्या एक जीबीऐवजी रोजच्या जीबीची सवय लागली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नेटवर्कवर ताण आला तेव्हा मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल नेटवर दर्जा काही काळ ४८०पीपर्यंतच ठेवण्याचे मान्य केले. यूट्यूब गो हे ॲप व्हिडिओ लावण्याआधीच तो किती एमबी घेईल ते दाखवत असे. मोजूनमापून रिचार्ज करणाऱ्या घरांसाठी ही फार मोलाची सोय होती. २०२२ मध्ये ते बंद झाले.

दिवसाचा डेटा संपला की अनेक पॅकांत वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिटवर) येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. एवढ्यात मजकुराचे संदेश जातात, ३०० केबीच्या फोटोला अर्धा मिनिट उलटून जातो, आणि व्हिडिओवरचे गोल चक्र रात्री बाराला नवा कोटा जमा होईपर्यंत फिरत राहते.