गायमुखच्या चढावर पद्मिनी आणि मारुती 800

मे महिन्याच्या दुपारी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला गाड्यांची रांग लागली, की जुन्या गाडीत कस लागतो तो ताकदीपेक्षा इंजिन गार ठेवण्याचा. ताकदीत प्रीमियर पद्मिनी आणि मारुती 800 जवळपास सारख्याच: 1089 सीसीचे चार सिलिंडर किंवा 796 सीसीचे तीन, दोन्हींकडे सुमारे 40 अश्वशक्ती. मात्र पद्मिनीचा आराखडा 1953च्या फियाट 1100चा, तर मारुती रस्त्यावर आली 1983 साली. मधल्या तीस वर्षांतला फरक बॉनेट उघडलं की दिसतो.

पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो. इंजिन आयडलवर (गाडी उभी असतानाच्या मंद गतीवर) आलं की पंखाही मंदावतो, म्हणजे समोरून वारा नसताना नेमकी हवा कमी पडते. म्हणून बेल्टचा ताण बघत राहावा: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण 10 ते 12 मिमी दबायला हवा.

याहून त्रासदायक दुखणं व्हेपर लॉकचं, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होण्याचं. पद्मिनीचा फ्युएल पंप इंजिनच्या ब्लॉकवरच बसवलेला असतो. तो टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे पंपाआधीच्या नळीत दाब कमी असतो, आणि कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं. वाफ झाली की पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) नुसती वाफच दाबत बसतो, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कोरडा पडतो आणि गाडी हिसके देत बंद पडते. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून बॉनेट उघडं ठेवावं. डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर) पाणी जाऊ देऊ नये. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड इन्सुलेटर मात्र कधीही काढू नये. तो उष्णता अडवतो, शिवाय त्याची जाडी बदलली की पंपाचा स्ट्रोकही बदलतो.

मारुतीत इंजिन आडवं आणि रेडिएटरचा पंखा विजेवर. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचलं की थर्मोस्विच पंखा लावतो, गाडी उभी असली तरी. ही रचना सरस आहे यात शंका नाही, पण स्विच बिघडला तर चालकाला लगेच पत्ता लागत नाही. तापमानाचा काटा वर चढूनही पंखा फिरत नसेल तर इग्निशन चालू ठेवून स्विचचा कनेक्टर काढा आणि त्यातली टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. हात पंख्यापासून लांब ठेवा. पंखा फिरला तर दोष स्विचचा, नाहीतर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. मारुतीचं सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते अति तापलं की वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट जातं.

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने दोन्ही कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची पंचाईत केली आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. जुने रबरी डायफ्राम आणि नळ्या त्यात फुगतात किंवा चिरतात. नव्या नळ्या घेताना त्या इथेनॉलला चालणाऱ्याच आहेत ना, हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या.