पिकपूल द पिने : सहा गावांची पांढरी वाइन आणि 2013 चा निर्णय

कालवं आणि पिकपूल (पिने गावाच्या परिसरातलं पांढरं द्राक्ष आणि त्याचीच वाइन) ही जोडी दक्षिण फ्रान्समध्ये आता इतकी मुरली आहे की ती रोमन काळापासूनची असल्याचं सर्रास सांगितलं जातं. द्राक्ष जुनं आहे, आणि या भागातून रोमनांचा व्हिया दोमिशिया रस्ता जात होता, हेही खरं. पण आज मिळते ती कोरडी, फिकट सोनेरी, चांगलीच आंबटसर वाइन मुख्यतः गेल्या काही दशकांत घडली आहे.

त्याआधी बराच काळ इथलं पिकपूल व्हर्मूथच्या, म्हणजे वनस्पती मुरवलेल्या वाइनच्या, पिंपांत जायचं. थो या खाऱ्या सरोवराच्या काठी मार्सेयाँ नावाचं बंदर आहे. तिथल्या कारखान्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पिकपूल आणि क्लेरेत ही दोन पांढरी द्राक्षं लागत. त्यांची वाइन ओकच्या पिंपांत भरून वर्षभर उघड्यावर ऊन-वारा खात ठेवायची आणि मग तीत वनस्पती मुरवायच्या, ही पद्धत. बाकी लांगदॉक, म्हणजे दक्षिण फ्रान्समधला हा द्राक्षप्रदेश, उत्तरेकडच्या कामगारांसाठी स्वस्त तांबडी वाइन पिकवत होता. लाल द्राक्षांच्या त्या महापुरात हे पांढरं द्राक्ष टिकलं, यात या ठरलेल्या गिऱ्हाइकाचा मोठा वाटा होता असं मला वाटतं.

1954 मध्ये पिनेच्या पिकपूलला एओसीच्या (ठरावीक भागातल्या, ठरावीक नियमांनी बनवलेल्या मालाला मिळणाऱ्या फ्रेंच सरकारी नाममानांकनाच्या) एक पायरी खालचा दर्जा मिळाला. 1985 मध्ये ती ‘कोतो द्यु लांगदॉक’ या मोठ्या एओसीत सामावली गेली, आणि 2013 मध्ये तिला स्वतःची स्वतंत्र एओसी मिळाली. खरा वाद या शेवटच्या टप्प्याचा आहे.

फ्रान्समध्ये एओसी सहसा जागेच्या नावाने मिळते. द्राक्षाचं नाव त्यात येणं हा अपवाद, आणि इथे ते पहिलाच शब्द म्हणून येतं. शिवाय लांगदॉकच्या एओसी वाइन बहुतांशी दोन-तीन द्राक्षांच्या मिश्रणातून बनतात, कारण एक जात उन्हात कमी पडली तर दुसरी सावरते. पिनेच्या नियमावलीत मात्र शंभर टक्के पिकपूल आणि फक्त पांढरी वाइन. गावं सहाच: पिने, पोमेरोल, फ्लोरांसाक, मेझ, मोंतान्याक आणि कास्तेलनो-द-गेर्स. इथल्याच शेतकऱ्याने शेजारच्या वावरात सिरा ही तांबड्या वाइनची जात लावली, तर ती वाइन वेगळ्या नावाने विकावी लागते. ज्या मार्सेयाँने कित्येक दशकं हे द्राक्ष विकत घेतलं ते यादीत नाही. कालवांसाठी प्रसिद्ध असलेलं बूझिगही नाही.

मिश्रणाला मुभा नसल्याने वाइनला खोली येत नाही, सगळ्या बाटल्या एकाच चवीच्या होतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. तरीही निर्णय योग्यच होता. इथली बहुतेक वाइन सहकारी तळघरांत बनते आणि निम्म्याहून जास्त निर्यात होते, त्यात ब्रिटन सर्वांत मोठा ग्राहक. एक द्राक्ष, एक रंग आणि 1995 पासून वापरात असलेली उंच हिरवी बाटली एवढ्या भांडवलावर या छोट्या टापूने दुकानाच्या फळीवर स्वतःची ओळख मिळवली. याच काळात लांगदॉकमधले कितीतरी शेतकरी अनुदान घेऊन वेली उपटत होते, हे विसरून चालणार नाही.

जेवणाची जोड सरोवराने दिली. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे इथे कालवं पाण्यात टांगून वाढवतात. छोटी कालवं तीन-तीनच्या झुबक्यांनी सिमेंटच्या ठिपक्याने दोराला चिकटवायची आणि दोर चौकटीवरून खाली सोडायचे. सतत पाण्यात राहिल्याने ती लवकर भरतात आणि चांगलीच खारट लागतात. पिकपूल उन्हाळी टापूतलं असूनही पिकताना आंबटपणा सोडत नाही, म्हणून त्या खारटपणापुढे ते फिकं पडत नाही. कालवांवर लिंबू पिळू नये, ते काम वाइन करते.

तिएल हा सेत बंदरातला पदार्थही तितकाच जमतो. ऑक्टोपस आणि तिखटसर टोमॅटोचं सारण भरलेली ही गोल पाई इटलीच्या गाएताहून आलेल्या कोळ्यांनी आणली. निखाऱ्यावरचे शिंपले किंवा सेवेन डोंगरातलं पेलार्दों हे बकरीच्या दुधाचं चीज असेल तरी चालतं. मटणाच्या रश्शाबरोबर मात्र ही वाइन हरते.

अलीकडे कालवं आणि वाइन या दोन्ही बाजूंना झळ बसली आहे. ऑगस्ट 2018 मध्ये उष्णतेने सरोवरातला प्राणवायू संपला, पाणी पांढरट झालं आणि शिंपले-कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. लगेच पुढच्या वर्षी, 28 जून 2019 ला, हा टापू ज्यात येतो त्या एरो जिल्ह्यात पारा 46 अंशांवर गेला आणि अनेक मळ्यांत पानं-घड करपले. मिश्रणाची मुभा नसलेल्या एओसीत पिकपूलचा घड करपला तर त्याची जागा घ्यायला दुसरं द्राक्ष नाही, म्हणून 2013 चा तो वाद पुन्हा वर येतो आहे.