टॅपेट गप्प झाला की कान टवकारा

म्हापशातल्या ज्या गॅरेजात माझी जुनी कार्बोरेटरवाली मोटरसायकल जाते, तिथला मेस्त आधी इंजिन सुरू करून नुसता ऐकतो. मागच्या खेपेला मीच कौतुकानं म्हणालो, "टॅपेट आता वाजतच नाही बघा." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची, इंजिनात वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दांडी दाबणारा भाग; दोघांमध्ये थोडी फट असते, म्हणून तो टकटक वाजतो.

"तेच तर वाईट," तो म्हणाला. "गाडी रातभर इथंच ठेवा. फट थंड इंजिनावर बघतात."

सकाळी एक्झॉस्टच्या बाजूला फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पत्तीही शिरेना.

झीज झाली की फट वाढते, हा आपला साधा हिशोब. इथे तो उलटा पडतो. व्हॉल्व्हचं तोंड हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, लोखंडी कड्यावर, म्हणजे सीटवर बसतं. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुततो, त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची फट बुजते. ही फट असते किती? साधारण वहीच्या एका कागदाएवढी, कधी त्याहून कमी. ती बुजली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि अंगातली बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच सोडतो. ५००० आरपीएमला मिनिटात २५०० वेळा ही टेकाटेकी चालते. टेकणंच चुकलं की व्हॉल्व्ह आणि सीटमधून जळता वायू सुटतो आणि व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो. मग किक हलकी लागते, गरम गाडी सुरू व्हायला छळते.

यात पेट्रोलचा संबंध जुना आहे. इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठोकाठोक, थांबवायला शिशाचं संयुग चालतं, हे अमेरिकेत थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये सापडलं. त्याच शिशाचा पातळ थर सीटवर बसून फुकटात वंगणाचं काम करी. शिसं माणसाला विषारी, म्हणून भारतात २००० साली ते पेट्रोलमधून गेलं. ते गेलंच पाहिजे होतं. पण थर गेल्यावर मऊ सीटवर तापलेलं लोखंड व्हॉल्व्हला कणाकणानं चिकटून उपटलं जाऊ लागलं, आणि तेच कण पॉलिश पेपरसारखे सीट घासू लागले. उपाय म्हणून कठीण धातूच्या सीट आल्या. नव्या गाड्यांना ही भीती जवळपास नाही.

आता सगळं खापर इथेनॉलवर फुटतं. माझ्या मते ते अर्धंच खरं. एक किलो पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, पेट्रोल सोडणाऱ्या भोकातून, आलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर एक्झॉस्ट जास्त तापतो. ऑक्सिजन सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी हे सांभाळून घेते. कार्बोरेटरला काही कळत नाही. त्यात आपला पावसाळा. चार महिने गाडी पडवीत उभी, टाकी अर्धी रिकामी. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, गंज धरतो, त्याचा कचरा जेटमध्ये अडकतो, मिश्रण आणखी पातळ. आणि मग पाऊस ओसरला म्हणून आपण थेट चोर्ला घाट चढायला निघतो!

माझं हेड शेवटी उतरवावं लागलं. मेस्तानं सीट कटरनं सारखी केली, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घोळवला, मग गळती बघायला पोर्टमध्ये, व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतून विडी पेटवायला चांगला लांब बाहेर जाऊन आला. तोवर खाली एक थेंबही पाझरला नव्हता. जेट एक नंबर मोठा टाकलाय. टॅपेट पुन्हा वाजतो.