सुचलं आणि गेलं

परवा कोथरूडला घरी रिपोर्ट लिहीत बसलो होतो, मध्येच एक भारी कल्पना सुचली, म्हटलं नोट्समध्ये टाकून ठेवू, तर ॲप विचारतंय आधी फोल्डर निवडा, मग टॅग द्या, आणि मी हे 'ऑफिस'मध्ये टाकू की 'इतर'मध्ये करत बसलो तेवढ्यात कल्पनाच गायब. हातात एक कोरी नोट, टॅग मात्र व्यवस्थित लावलेला!

वय झालं असं वाटलं, पण तसं नाहीये. आत्ता चाललेल्या गोष्टी मेंदू वर्किंग मेमरीत धरतो आणि तिथे जागा फारच कमी. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी मावतात म्हटलं होतं, २००१ मध्ये नेल्सन कोवनने ते चारवर आणलं. आणि त्या टिकतात किती? १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने लोकांना नुसती तीन अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे मनात घोकायला वावच नाही, तर १८ सेकंदांत बहुतेकांची पाटी कोरी. माझं फोल्डर शोधणं म्हणजे तेच उलटं मोजणं की.

बरं, लिहूनच ठेवलं नाही तर विचार डोक्यात भुणभुण करतो. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत अर्धवट राहिलेलं काम पूर्ण न करता नुसता त्याचा नीट प्लॅन केला तरी ही भुणभुण थांबली.

म्हणून मला इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधलं ऑर्ग मोड, म्हणजे नोट्स आणि कामांच्या याद्या ठेवायची सोय, आवडतं (दिसायला अगदी रुक्ष आहे, मान्य). कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ते २००३ मध्ये सुरू केलं. त्यातलं कॅप्चर (झटपट नोंद करायची सोय) एकदा सेट केलं की दोन बटणं दाबा, छोटी खिडकी उघडते, खरडा, सेव्ह करा, की परत त्याच ओळीवर. वर्गवारी रात्री जेवण झाल्यावर. शिवाय नोट करताना तुम्ही कुठल्या फाइलमध्ये होतात त्याची लिंकही सोबत ठेवता येते, आणि ती लागतेच, कारण आठवण परत यायला तेव्हाचा संदर्भ लागतो, हे टुल्विंग आणि थॉमसन यांनी १९७३ मध्येच दाखवलंय.

फोनवर मात्र ही लिंक नाही. अमृततुल्यच्या बाहेर चहा घेताना एका हाताने टाइप केलेली माझी एक नोट आहे: "लकडी पूल, उलटं करून बघ". तीन आठवडे झाले, काय उलटं करायचं होतं ते कळेना.