लाव्हा मारतो कमी, राख आणि चिखल जास्त

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर लाल लाव्हा आणि जीव घेऊन पळणारी माणसं येतात. लाव्हा घरं, रस्ते, शेतं गिळतो हे खरं, पण तो बहुधा इतका संथ असतो की त्याच्यापुढून चालत निघून जाता येतं. (कांगोतला न्यिरागोंगो हा अपवाद, त्याचा लाव्हा फार पातळ आहे.)

१३ नोव्हेंबर १९८५ ला कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा उद्रेक झाला. तसा लहानच. पण त्या उष्णतेने शिखरावरचा बर्फ वितळला, राख-दगड मिसळलेला चिखल नदीच्या खोऱ्यांतून सुटला आणि काही तासांत, रात्री, विवरापासून सत्तरेक किलोमीटरवरच्या आर्मेरो गावावर आला. सुमारे २३,००० माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, हे जास्त खुपतं.

राखही आपल्या चुलीतल्यासारखी मऊ नसते. ती दगड आणि काचेची बारीक पूड असते. पाण्यात विरघळत नाही, उलट भिजली की जड होते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोच्या उद्रेकाच्या दिवशीच वादळी पाऊस आला आणि ओल्या राखेच्या भाराने छपरं कोसळली. तिथले बरेच मृत्यू असेच झाले.

आइसलँडमधल्या लाकीने १७८३ मध्ये मारलं ते वायूंनी. फ्लोरिनमुळे गवत विषारी झालं, निम्म्याहून अधिक गुरं मेली, मग दुष्काळ पडला. देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं त्यात गेली.