आमांशाचा जिवाणू औषधांना दाद देईनासा कसा झाला

आमांश घडवणारा शिगेला हा जिवाणू कियोशी शिगा यांनी १८९७ च्या जपानी साथीत शोधला. औषधे येण्याआधीही तो अगदीच निःशस्त्र नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली एका सैनिकाकडून मिळालेला शिगेला ब्रिटनमध्ये जपून ठेवला आहे. शतकानंतर तपासला, तर त्यावर पेनिसिलिन चालत नव्हते! पेनिसिलिनचा शोध १९२८ चा.

खरा पेच उभा राहिला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये. सल्फा औषधे काही वर्षांतच बोथट झाली, आणि १९५५ च्या सुमारास सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना न जुमानणारे वाण मिळू लागले. हिशेब जुळेना. एका औषधाविरुद्धचा जनुकबदल कोट्यवधी पेशींत एखादीतच होतो. चार एकदम कसे? शिवाय एकाच रुग्णाच्या विष्ठेत औषधाने मरणारा शिगेला असे आणि चारही पचवणाराही. तिथल्या इ. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा रोधही नेमका याच चार औषधांना. १९५९ मध्ये आकिबा व ओचिआई यांनी रोधक इ. कोलाय आणि साधा शिगेला एकत्र वाढवले, तेव्हा शिगेलाही चौघांना पुरून उरला. पेशी गाळून उरलेल्या द्रवाने मात्र काही होत नसे. पेशीला पेशी भिडावीच लागे. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे इंग्रजीत सविस्तर मांडले, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचे लक्ष गेले. रोधाची चारही जनुके एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीतून पेशीत जाणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, असल्याने एक औषध वापरले तरी चारही रोध पोसले जातात.

१९६९ मध्ये ग्वाटेमालात असाच वाण पसरला. आधी तो अमिबाचा आमांश समजला गेला आणि हजारो माणसे दगावली.

पुढे ॲम्पिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल व नॅलिडिक्सिक ॲसिड पाळीपाळीने थकली. शेवटच्या औषधाची तऱ्हा निराळी होती: जिवाणूचा डीएनए हाताळणाऱ्या गायरेज विकरातल्या एका बदलाने ते निकामी होते, आणि त्यावर आणखी एकदोन बदलांची भर पडली की सिप्रोफ्लॉक्सासिनही. म्हणजे जुन्या औषधाने नव्याची अर्धी वाट आधीच मोडून ठेवली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनला पहिली पसंती दिली. त्यालाही न जुमानणारा वाण पश्चिम बंगालमध्ये २००२ सालीच दिसला होता.

अमेरिकेत २०१५ मध्ये पाचही नेहमीच्या औषधांना रोधक शिगेला नव्हता. २०२२ मध्ये त्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के झाले. पीसीआर या जनुकीय तपासणीत जिवाणू कळतो, पण कोणते औषध चालेल ते कळत नाही. त्यासाठी कल्चरच, म्हणजे जिवाणू वाढवून पाहणेच, हवे. विष्ठेत शिगेला लवकर मरतो, म्हणून नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर तो जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात घालून थंड ठेवतात.